पा चियाकचं नाक

आमच्या आळीत मासा तळायचा असला तर आधी वारा बघावा लागे. वारा नदीकडून देवळाकडे असला तर खुशाल तळा. देवळाकडून नदीकडे असला तर मुकाट्यानं उकडून खा, नाहीतर पा चियाक कढईसकट तुम्हाला रस्त्यावर काढणार. हसू नका, माझी स्वतःची कढई तिनं एकदा नदीत भिरकावलीय. तेलासकट!

वर म्हणाली, "तिव, आत लग्नाचं रेशीम धुरात ठेवलंय मी. नवरी काय बांगडा वाटली पाहिजे का नवऱ्याला?"

मी ऐकून घेतलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, अख्ख्या पेचबुरी गावात विचारा. पण माझं पोट तिच्यावर होतं. मी फुलाच्या आकाराची बिस्किटं करते, मैद्याची, खुसखुशीत. ती पा चियाकच्या धुरात रात्रभर राहिल्याशिवाय गिऱ्हाईक त्यांना हात लावत नसे. समोरासमोर घरं आमची. तिच्या खिडकीतला धूर थेट माझ्या उशीपर्यंत यायचा.

नाव तिचं लमचियाक, म्हणजे केवडा. आईबापांहून मोठ्या बाईला पा म्हणायचं, म्हणून सगळी आळी पा चियाक म्हणायची. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, भीतीनं.

धंदा वासाचा. मधमाशांचं मेण, लोबान, चंदनाचा भुगा, खरबरीत लिंबाची वाळवलेली साल, थोडा ताडगूळ, असं सगळं मळून ती मेणबत्त्या वळायची, घोड्याच्या नालासारख्या वाकड्या. दोन्ही टोकं पेटवायची, जरा जळू द्यायची आणि फुंकर मारून विझवायची. विझल्यावर जो धूर निघतो, तोच कामाचा. ती धुमसती मेणबत्ती मातीच्या रांजणात ठेवून वर झाकण. आत कापड असो, बिस्किटं असोत, नारळाचं दूध असो, सकाळपर्यंत त्याचं सोनं व्हायचं. पाण्यात मोगरा आणि करदंगाची पिवळी फुलं घालायची. करदंगा तसा पाण्यात टाकून उपयोग नाही, पाकळी आधी ज्योतीवर धरावी लागते, तेव्हा ती मनापासून वास सोडते. तिचा मुलगा पोम रांगत होता तेव्हाच तिचा नवरा तापानं गेला. तरणी विधवा म्हणून बाजारात एका टग्यानं तिला "आच लागलेलं फूल" म्हटलं. तिनं हातातली पेटती मेणबत्ती त्याच्या मिशीपाशी नेली.

"ये की, तुलाही लावते आच. बघू तरी कसला वास येतो."

तो माणूस पुढे कायम पलीकडच्या पुलावरून जायचा.

गावात लग्न असो, पोरगं भिक्खू व्हायचं असो, कुणी गेलेलं असो, पा चियाकचं पाणी लागायचंच. माणूस गेलं की आमच्यात त्याचा उजवा हात पुढे ठेवतात आणि सगळे एकेक करून त्यावर सुवासिक पाणी ओततात, काही चुकलं असेल तर माफ कर म्हणतात. माझ्या आईच्या हातावर तिचंच पाणी, माझ्या नवऱ्याच्याही. पैसे विचारले तर मला म्हणाली, "मेल्याचे घेत नाही. तू बिस्किटाचे वेळेवर देत जा, तेवढं पुरे."

आता पोमचं सांगते. एकुलता एक. उंच, हसरा, कामाला वाघ, आणि आईपुढे हूं की चूं नाही. असा पोरगा एक दिवस बायको घेऊन आला. न विचारता, न सांगता! वन्ना तिचं नाव, समुद्रकाठची, मिठागरांपलीकडच्या वाडीतली. तिच्या घरी जवळ्याचं काम. जवळा मीठ लावून कुटायचा, उन्हात घालायचा, पुन्हा कुटायचा, मुरवायचा. पेचबुरीत एक घर दाखवा जिथं तो चटणीला लागत नाही. पण खाणं वेगळं आणि घरात आणणं वेगळं.

बिचारीनं काय करावं? सासूला पहिली भेट म्हणून घरचा उत्तमातला उत्तम मुरलेला जवळा आणला, मोठी बरणी भरून. तो घेऊन ती थेट धुराच्या खोलीकडे निघाली. रांजणांची झाकणं उघडी होती.

पा चियाक किंचाळली, "तिथंच! पायरी चढू नकोस!"

पोम म्हणाला, "आई, ही वन्ना."

"वन्ना असो नाहीतर राणी असो. ती बरणी बाहेर, आणि हीही बाहेर. माझे रांजण आहेत ते, एकदा वास धरला की मेल्याशिवाय सोडत नाहीत."

वन्ना खालच्या पायरीवर बसली. पाण्याची वाटी तिला बाहेर नेऊन दिली मी. तिनं दोन्ही हात जोडून घेतली, प्याली, वाटी पुसून ठेवली.  पोम आत गेला आणि कपड्यांची पिशवी भरून बाहेर आला.

"जातो आई," म्हणाला.

"जेवून जा."

"तिला पायरीवर बसवून मी आत जेवू?"

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला उलटून बोलला. पा चियाकच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो गेलाही. सासऱ्याकडच्या लोकांबरोबर बोटीवर जाऊ लागला.

दरवर्षी नव्या वर्षाला मात्र यायचा. आईच्या तळहातांवर पाणी घालायचा, आशीर्वाद घ्यायचा. वन्ना देवळाच्या फाटकापाशी थांबायची. पा चियाक तिचं नावही काढत नसे. निघताना त्याच्या पिशवीत मेणबत्त्या कोंबायची. "तिथल्या त्या घाणीत निदान कपड्यांना तरी लाव." तो हसायचा, घेऊन जायचा. ती खिडकीतून तो पूल ओलांडेपर्यंत बघत बसायची, आणि मी समोरून तिला.

मग ते वादळ आलं. पावसाळा संपत आलेला, लोक निर्धास्त झालेले. तीन बोटी परत आल्या, पोमची नाही आली. फळ्या सापडल्या, जाळ्याची बुचं सापडली. माणसं नाही सापडली.

पा चियाक रडली नाही. तिनं पाणी केलं. मोगरा खुडला, करदंगाच्या पाकळ्या एकेक करून ज्योतीवर धरल्या, मोठं पातेलं भरून केलं आणि झाकून ठेवलं. कशाला, ते मी विचारलं नाही. रोज झाकण काढायची, फुलं बदलायची. अहो, गावातल्या प्रत्येक मेलेल्या हातावर हिचं पाणी पडलं, आणि हिला पोराचा हात नाही! मला ते पातेलं बघवेना. शेवटी पाण्यालाच कुबट वास यायला लागला, तेव्हा मीच ते नदीत ओतलं. 

त्यानंतर तिनं घर उपसायला सुरुवात केली. पोमची उशी, शाळेचा सदरा, जुनं पांघरूण. एकेक नाकाला लावायची आणि टाकून द्यायची.

"काय शोधतेस गं, पा?"

"त्याचा वास. आईला पोराचा वास येऊ नये होय? सगळं मी स्वतः धुतलंय, धुरात घातलंय. काही म्हणून ठेवलं नाही मी मेलीनं." मग माझा हात धरला. "तुला आठवतो का गं, तिव? कसा यायचा?"

मी खूप आठवून पाहिलं. त्याचं हसणं आठवलं, चालणं आठवलं. वास नाही आठवला.

दोनएक आठवड्यांनी वन्ना आली. वाळून काडी झालेली. खालच्या पायरीशीच उभी राहिली, तिथून वर नाही. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडाला घट्ट गाठ.

"आई, त्याचा पंचा आहे. चौकड्यांचा. आदल्या दिवशी डोक्याला बांधला होता. धुतलेला नाही. एवढाच राहिलाय."

पा चियाकनं पिशवी हिसकावलीच. गाठ सुटेना तर दातांनी फाडली. पंच्यात तोंड खुपसलं आणि खांबाला टेकून खाली बसली.

"आहे," म्हणाली. "घाम आहे. डिझेल आहे, मीठ आहे, आणि त्याच्या खाली हा आहे. पोम आहे गं, तिव!"

तेव्हा ती रडली. वन्ना खाली उभी राहून रडली. मध्ये पायऱ्या.

जरा वेळानं वन्ना म्हणाली, "आई, पंचा तुमच्याजवळ ठेवा. वास कसा राखायचा ते तुम्हाला कळतं, आमच्याकडे समुद्राचा वारा सगळं उडवून नेतो. शंभराव्या दिवसाच्या विधीला येईन. तेव्हा मलाही एकदा घेऊ द्याल ना?"

पा चियाकनं मान हलवली. पण ये, वर ये, पाणी पी, असलं काही नाही. मला राग आला. ती गेल्यावर मी म्हटलंच, "काय बाई काळीज आहे तुझं! होती नव्हती ती एक वस्तू तिनं तुला दिली."

"मी नीट ठेवीन," ती म्हणाली. जणू मी तेच विचारलं होतं.

आणि ठेवलाच तिनं नीट, आपल्या अकलेप्रमाणे. मी म्हटलं, नवा कोरा रांजण आण. तिनं मला वेड्यात काढलं. "कोरी माती वास पिते. आठ दिवसांत पोमला पिऊन टाकील. माझा जुना रांजण पिऊन पिऊन धालाय, तो नाही पिणार." तिचा सगळ्यात जुना रांजण, आईकडून आलेला. तो तिनं घासला, कडक उन्हात ठेवला. आत मेणबत्ती लावली नाही, फूल ठेवलं नाही. पंचा ठेवला, झाकण बसवलं आणि कडेनं मेणाचा थर दिला. रोज येता-जाता झाकणावर हात ठेवायची. शंभराव्या दिवसापर्यंत उघडायचा नाही, असं स्वतःलाच बजावायची. जीव असा टांगणीला लागलेला मी कुणाचा पाहिला नाही.

शंभराव्या दिवशी भिक्खू आले, मंत्र झाले, जेवणं झाली. वन्ना आली होती, पायरीशी उभी. सगळे पांगल्यावर पा चियाकनं सुरी घेतली आणि मेण कापलं. झाकण काढलं. आधी हातच आत गेला नाही तिचा. मग पंचा बाहेर काढला, नाकाला लावला.

उलटा केला, पुन्हा लावला. मध्येच चुरगाळून, मग कोपरा धरून.

"नाही," म्हणाली.

"काय नाही?"

"काहीच नाही. तू बघ."

मी घेतला. खरंच, कोऱ्या कागदाला नाक लावावं तसं. ना घाम, ना मीठ, ना काही. 

"गेला," पा चियाक म्हणाली. मग ओरडली, "उडाला! माझ्या हातात दिला होता तिनं, मी घालवला! दुसऱ्यांदा घालवला गं मी त्याला!" आणि कपाळ रांजणाच्या काठावर आपटायला लागली. मी धरलं तिला, पण ती मला आवरेना.

तेवढ्यात वन्ना वर आली. सगळ्या पायऱ्या चढून, न विचारता, थेट धुराच्या खोलीत. पंचा माझ्या हातातून घेतला. नाकाजवळ नेलाही नव्हता, तिचा चेहराच पालटला.

"आई, हा इथं आहे. अख्खा आहे."

"थापा मारू नकोस! मला समजावायला नको कुणी."

"थापा कशाला मारू? मला खाली पायरीशी आला हा वास. तुम्ही झाकण काढलंत तेव्हाच आला." तिनं पंचा गालाला लावला. "मी त्याला पहिल्यांदा बाजारात पाहिलं ना, ते पाहिलं नाहीच आधी. बर्फाच्या गाडीपाशी मासे निवडत होते. मागून कुणीतरी गेलं आणि मोगऱ्याचा, मेणाचा, धुराचा असा वास आला. मासळीबाजारात! मी वळून बघितलं तर हा. बोटीवर सगळे त्याला हसायचे, देऊळ चाललं म्हणायचे. तरी तुमच्या मेणबत्त्या लावायचा कपड्यांना. दर वेळी निघायच्या आधी. मला हात लावू द्यायचा नाही."

पा चियाक म्हणाली, "तो मेणबत्तीचा वास. माझ्या मेणबत्तीचा. पोमचा नव्हे."

"मग पोमचा वेगळा कुठला होता?"

 वन्नाच पुढे म्हणाली, हळू, जराही टोचून नाही. "तुम्हाला येत नाही, कारण तुम्ही यातच बसलात जन्मभर. तिवमावशीही. मला तरी आमच्या जवळ्याचा कुठे येतो? तुमच्या पायरीवर बसले त्या दिवशी कळलं मला, माझ्या अंगाला वास येतो म्हणून."

मी मान खाली घातली. पा चियाकनं घातली नाही, ती तिच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच नीट बघत होती बहुतेक. ज्या रांजणावर तिची भिस्त होती तो पीत नव्हता खरा, पण शंभर दिवस देत होता. पोमच्या घामावर घराचा वास चढला आणि तिच्या नाकाला तो पुरा दिसेनासा झाला.

"माझ्याकडे चला," वन्ना म्हणाली. "नाक सुटेल."

पा चियाक गावाबाहेर म्हणून जात नसे. टेम्पोत बसताना तिनं माझा दंड असा आवळला की हिरवा-निळा झाला. मिठागरं गेली, आणि पुढे तो वास आला. काय सांगू! वाडीभर चटया, चटयांवर जांभळट जवळा, ऊन वरून कोसळतंय. मी पदर नाकाला लावला. पा चियाकनं लावला नाही. ती चटयांमधून ताठ चालत गेली आणि वन्नाच्या घरामागे जाऊन भडाभडा ओकली.

वन्नानं तिला न्हाऊ घातलं. साध्या साबणानं, तीनतीनदा, केसांच्या मुळातून धूर निघावा म्हणून. पांढरे केस ते, कमरेपर्यंत. आपलं लुगडं नेसवलं. तिचे कपडे माझ्या पिशवीत घालून पिशवी दूर झाडाला टांगली. पंचा नव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात. सासू लहान पोरीसारखी मान वाकवून बसलेली, आणि सून पाठ चोळतेय. "डोळे मीट आई, साबण जाईल." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मीही राहिले. बिस्किटांचा धंदा बुडाला तर बुडाला, मला घरी चैन पडलं नसतं. सुरुवातीला पा चियाकला अन्न गेलं नाही. पेजेचा घोट घ्यायची आणि तोंड वळवायची. तरी परत जायचं नाव काढलं नाही. मग भात घेऊ लागली. मग दुपारी वन्नाबरोबर चटईशी बसू लागली, काठीनं जवळा पालथा करायला. दोघींचं बोलणं असं काही नव्हतं. "तिकडचा ओला आहे." "करते." एवढंच.

एका सकाळी डोळे चोळत ओसरीवर येऊन पा चियाक म्हणाली, "वन्ना, आज जवळा वाळत घातला नाहीस?"

वन्नानं माझ्याकडे बघितलं. अंगणभर चटया होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. ती आत धावली आणि डबा घेऊन आली.

पा चियाकनं लगेच घेतला नाही. हात लुगड्याला पुसले. केसांवरून फिरवले, जसं कुणी यायचं असलं की बायका फिरवतात. मग पंचा घेतला, उलगडला आणि दोन्ही हातांनी तोंडावर धरला.

 मग तिचे खांदे हलले.

"आलास?" म्हणाली.

 ती पंच्यातूनच बोलत होती, कुणाशी ते उघड होतं. "इतकी वर्षं असाच यायचास होय रे? दारातून आत यायचास, जेवायला बसायचास, आणि मला एकदाही कळलं नाही. माझाच धूर लेऊन फिरलास. वेडा कुठला." तिनं पंचा खाली केला. चेहरा ओला, आणि हसत होती. पोम गेल्यापासून पहिल्यांदा. "घे वन्ना. घे, तूही घे. संपत नाही लगेच."

वन्ना तिच्या कुशीत शिरली. मी अंगणात गेले, कारण माझंही रडणं काही शोभेसं नसतं.

दुपारी मी पिशवी भरली. म्हटलं, चल आता, तुझं काम झालं. मोठ्या थाटाची दोन लग्नं अंगावर आहेत, रेशीम तसंच पडलंय, माझी बिस्किटं धुरावाचून अडून आहेत. पा चियाक चटईशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू जा."

"आणि तू?"

"घरी गेले की त्या धुरात तो पुन्हा दिसेनासा होईल, तिव."

"अगं, पण घर? रांजण? तुझ्या आईचा रांजण!"

"तू वापर. मेणबत्ती करता येते तुला, इतकी वर्षं खिडकीतून बघतेयस."

मी भांडले. म्हटलं, जन्मभर जिला नाक मुरडलंस तिच्या दारात राहणार? लोक काय म्हणतील? मी कुणाशी बोलू? तिनं सगळं ऐकून घेतलं. तीही काही कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. मग उठली, मातकट हात लुगड्याला पुसले आणि मला घट्ट धरलं. तिच्या मानेला जवळ्याचा वास येत होता.

"तुला येतो ना माझा वास?" तिनं विचारलं.

"येतो. घाण येतो," मी म्हटलं.

"मला नाही येत आता. मग बरं," म्हणाली, आणि पुन्हा चटईशी जाऊन बसली. टेम्पो आला, मी एकटीच चढले.